भिंतीतलं चांदनी स्टेशन

शालिग्राम गार्ड वारल्यावर त्यांची रेल्वे कोणाकडे जाणार, याचा निकाल एका कावळ्याने दिला.

दहाव्याला राजघाटावर पिंड मांडला होता. तापी उन्हाळ्यातल्या तब्येतीने, म्हणजे जमेल तेवढीच, वाहत होती. कावळे पुष्कळ होते, पण सगळे शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाभोवती. तिकडे भातावर तूप सढळ असावं.

"बोला रे काही," मधुकरमामा म्हणाले. मामा म्हणजे गार्डांचे मेहुणे. घरातल्या प्रत्येक कार्यात शेवटचा शब्द बोलायला त्यांना बोलावलं जायचं, आणि ते बोलावल्याशिवायही यायचे. "कशात तरी जीव अडकून राहिला त्यांचा. मोठ्याने बोला, म्हणजे ऐकू जाईल."

थोरला निरंजन पुढे झाला. हात जोडले. "बाबा, घर एकत्र ठेवू. मी आणि जीवन कधी वेगळे होणार नाही."

कावळ्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. अनुभवी असावेत.

मग बायकांनी वर्षश्राद्धाचं कबूल केलं. मामांनी इच्छापूरच्या देवीला नारळ कबूल केला, तोही दुसऱ्या कोणीतरी नेऊन वाहायचा. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा धाकटा जीवन, जो इतका वेळ मागे उभा होता, तिथूनच म्हणाला, "बाबा, तुमची रेल्वे मी सांभाळीन. फिकीर करू नका." आणि एक कावळा उडाला, सरळ येऊन पिंडावर बसला, शितं उचलून गेलाही.

"सुटले," मामा म्हणाले, आणि मंडळी जेवायला निघाली. गार्ड सुटले, निरंजन मात्र तिथे अडकला तो अडकलाच.

ही रेल्वे म्हणजे बऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या दरवाजाजवळच्या गल्लीत, गार्डांच्या दुमजली घराच्या वरच्या हॉलमध्ये होती. गुडघाभर उंचीच्या फळ्या, त्यावर अंगठ्याएवढ्या रुंदीचे रूळ. एक इंजिन, दोन प्रवासी डबे, एक उघडी वाघीण, म्हणजे मालाचा डबा, आणि शेवटी गार्डाचा डबा. एका टोकाला बऱ्हाणपूर, दुसऱ्या टोकाला नेपानगर, मध्ये चांदनी. तिन्ही स्टेशनांना पिवळ्या पाट्या, त्याही गार्डांनी काडीला कापूस गुंडाळून रंगवलेल्या. लांबट वांग्याच्या आकाराचा फेरा होता आणि गाडी त्यावर गोल गोल फिरायची. खेळणं म्हणायची कोणाची टाप नव्हती. गार्ड म्हणजे जन्मभर गाडीच्या शेपटीला बसून मागे पडलेली गावं बघत गेलेला माणूस. निवृत्तीनंतर आपल्या मर्जीने तीच गावं पुन्हा समोर आणायची सोय त्यांनी करून घेतली होती.

त्यांचे नियम दोन. पहिला, रूळ टाकायच्या आधी सगळी लाइन खडूने जमिनीवर आखायची आणि तिच्यावरून पायी चालून बघायचं. जिथे पाय अडखळतो तिथे गाडी घसरणार. दुसरा नियम गोळ्याचा. पूर्वी सिंगल लाइनवर स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हाती लोखंडी गोळा द्यायचा. गोळा हातात असला तर पुढचं स्टेशन येईपर्यंत लाइन तुमची. नसला तर समोर सगळं मोकळं दिसलं तरी चाक हलवायचं नाही. खरी लाइन केव्हाच डबल झाली, विजेची झाली, गोळे भंगारात गेले. गार्डांनी घरात मात्र तोच कायदा चालू ठेवला. बेअरिंगमधली बोराएवढी पोलादी गोळी हा त्यांचा गोळा. लहानपणी ज्याच्या मुठीत गोळा, त्याने गाडी चालवायची, दुसऱ्याने हात मागे बांधून बघायचं. निरंजन-जीवन त्यामुळे फार भांडले नाहीत. ते सगळं भांडण पुढे पुरवून वापरता आलं.

वेगळं व्हायला त्यांना तीनेक वर्षं लागली. निरंजन तेव्हा नेपानगरच्या पेपर मिलच्या स्टोअरमधून निवृत्त होऊन घरी बसला होता. जीवनचं लालबागला मोटारी वाइंडिंग करायचं दुकान. संध्याकाळी निरंजन वर जायचा, तर जीवन आधीच तिथे, हातात डाग द्यायचा तापलेला कैया. "दादा, हात नको लावू, वायर गरम आहे." वायर खरंच गरम असायची. पण थोरल्या भावाला धाकट्याने हात लावू नको म्हणणं, हे तो वायरीपुरतं ऐकून घेत नसतो.

"कावळ्याने तुला रेल्वे दिली. घर नाही दिलं," एकदा निरंजन म्हणाला.

"मग घर वाटून घे ना."

"घेतोच."

एवढंच. गल्लीत रिवाजाप्रमाणे दोष बायकांना दिला गेला. निरंजनची बायको वैजयंती आणि जीवनची बायको शोभा या गच्चीवरच्या कठड्यावरून एकमेकींना कढीपत्ता देत होत्या, नवऱ्यांची अक्कल काढत होत्या, आणि वाटणी झाल्यावरही ते बंद पडलं नाही.

मामांनी फुटपट्टी लावून घराच्या मधोमध रेघ मारली. पुढचा जिना निरंजनला, मागच्या गल्लीतला जीवनला. वरच्या हॉलमध्ये ती रेघ नेमकी चांदनी स्टेशनावर आली. प्लॅटफॉर्म इकडे, पाटी तिकडे.

"आता काय?" जीवन म्हणाला.

"आता चांदनी भिंतीत," मामा म्हणाले. त्यांना स्वतःचं वाक्य आवडलं.

बापाच्या फेऱ्याला भिंत दोनदा आडवी येत होती, जाताना आणि येताना. म्हणजे दोन भोकं ठेवावी लागणार. मामा हट्टाला पेटले. "एकच. दोन ठेवली तर ती वाटणी कसली, ती तर जाळी झाली." मग कडू मिस्त्री वाळूचं घमेलं घेऊन दारात उभा असताना, दोघा भावांनी जुनी लाइन मोडून नवी आखायला घेतली. बापाच्या मागे दोघांनी एकत्र बसून केलेलं तेवढं एकच काम.

आधी फळ्या भिंतीकडे सारून जमीन झाडली. मग खडू. निरंजनने आखलं ते जीवनने पुसलं, जीवनने आखलं ते निरंजनने. दुपारपर्यंत दोघांचे गुडघे पांढरे झाले आणि जमिनीवर डमरू उमटला. इकडे एक वळसा, तिकडे एक वळसा, आणि कमरेतून एकच रूळ भिंतीच्या भोकातून जाणारा. गाडीने पलीकडे जायचं, वळसा घेऊन तोंड फिरवून त्याच भोकातून परत यायचं. फेरा गेला, ये-जा आली.

"डमरूत शॉर्ट होतो दादा," जीवन म्हणाला. "गाडी वळून त्याच रुळावर उलट्या तोंडाने आली का डावी तार उजवीला भिडते. दोन्ही बाजूंना खटका बसवतो, वळशात असताना तारा उलट करून घ्यायच्या. माझी वीज माझी, तुझी तुझी. भोकात वीज तोडणारा जोड ठेवतो."

"बसव. वळसा आणखी आवळू नको पण, इंजिन वळणार नाही."

"नाही आवळत."

मग चालून बघायचं होतं. पुढे निरंजन, मागे त्याच्या खांद्यावर हात ठेवून जीवन. लहानपणी इंजिन आणि गार्डाचा डबा असेच चालत. एक साठीचा, एक साठीला आलेला, दोघांना रक्तदाब, दोघांची पोटं पुढे. डमरूवरून दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत जीवनने हळूच तोंडाने शिटीही दिली. पाय कुठे अडखळला नाही.

"साहेब," कडू मिस्त्री दारातून म्हणाला, "भिंत घालू का थांबू?"

दोघे थांबले. जीवनने खांद्यावरचा हात काढला. मिस्त्रीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. म्हणून त्याने विषय बदलला. "भोक केवढं ठेवायचं? उंदराचं का मांजराचं?"

"गाडीचं."

"कोणत्या गाडीचं?"

जीवनने इंजिन उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. कडूने ते उलटंपालटं करून बघितलं. "असं म्हणा ना. म्हंजे घुशीचं."

भिंत झाली. बोलणं त्या भिंतीत गेलं, चांदनीच्या प्लॅटफॉर्मबरोबर. गाडी मात्र चालू राहिली, आणि ती गोळ्याच्या कायद्याने. वाघिणीत गोळा ठेवून गाडी पाठवायची. तिकडच्याने गोळा काढून घ्यायचा, आपल्या वळशावर हवी तेवढी फिरवायची, आणि मर्जी झाली की गोळ्यासकट परत. गोळा ज्याच्याकडे, बोलायची पाळी त्याची. रिकामी वाघीण पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यात कधी आवळ्याची फोड असायची, कधी केळ्याचे चार वेफर. एकदा निरंजनच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्याचं वैजयंतीने कठड्यावरून शोभाला सांगितलं, तर संध्याकाळच्या गाडीने अर्धी पट्टी आली. गोळी दोघांची एकच होती. निरंजनने परतीच्या गाडीने पुरी पट्टी पाठवली, उपकार नकोत म्हणून.

असं ते चाललं होतं, आणि चालूही राहिलं असतं.

यंदा जीवनची लेक तृप्ती जळगावला बाळंत व्हायची होती. शोभा तिच्याकडे जायला निघाली, जीवन सोडायला गेला. हे वैजयंतीला कठड्यावरून कळलं. निरंजनला कळलं ते वैजयंतीकडून, आणि तिथेच त्याचं बिनसलं. गाडी त्या वेळी पलीकडे होती, गोळा पलीकडे होता. जायच्या आधी वाघिणीत निरोपाचं काही घालून पाठवणं जीवनला जड होतं का? निरंजन रोज सकाळी वर जाऊन भोकात बघायचा. भोकातून पलीकडच्या हॉलचा अंधार दिसायचा, गाडी नाही.

मग जळगावहून शोभाचा फोन आला. मुलगी झाली. वैजयंती फोन हातात घेऊनच वर धावत आली.

"अहो, ऐकलं का? आजोबा झाले भाऊजी! तृप्तीला मुलगी झाली."

"हं," निरंजन म्हणाला.

"हं काय? आनंद नाही होऊन राहिला?"

"होऊन राहिला ना. पण ही बातमी माझ्याकडे फोनवर यायची? तीही तुझ्या फोनवर?"

"मग कशी यायची?"

निरंजनने भोकाकडे बघितलं. वैजयंतीने त्याच्या नजरेमागून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "गाडीने! भाऊजी तिकडे जळगावला, गाडी इथे बंद खोलीत, आणि बातमी गाडीने यायला पाहिजे यांना. एक फोन लावा. दादा म्हणून दोन शब्द बोला."

"गोळा त्याच्याकडे आहे. गोळा नसताना सेक्शनमध्ये शिरता येत नाही."

"तुम्ही माणूस आहे का मालगाडी?" असं विचारून ती खाली गेली. हे निरंजनने दोन दिवस मनात घोळवत ठेवलं. घोळवता घोळवता त्याच्या लक्षात आलं की गाडी, इंजिन, गोळा, सगळं आता जीवनकडे आहे. राजघाटावर कावळ्याने दिलं होतं, ते त्याने शेवटी ताब्यात घेतलं. सावकाश, एकेक डबा, भोकातून.

त्याने खडू काढला. आपल्या अर्ध्या हॉलमध्ये, आपल्यापुरती, नवी लाइन आखली. नेपानगर ते नेपानगर. भिंतीकडे जाणारा रूळ उचलायचा, वळसा तिथेच बंद करायचा. कोणाकडे जाणं नाही, कोणाचं येणं नाही. आखून झाल्यावर नियमाप्रमाणे त्यावरून चालला. वळण इतकं आवळलं होतं की प्रत्येक फेरीला त्याचा खांदा भिंतीला घासत होता. अडखळला, तरी त्याने ते मंजूर केलं. अधिकारी तोच होता. त्या लाइनवर धावायला एकही गाडी नव्हती हे खरं, पण आपल्याकडे त्यावाचून काही अडतं असं नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्याने बाथरूमच्या दुरुस्तीतून उरलेलं मूठभर सिमेंट कालवलं, अर्धी वीट घेतली आणि भोक बुजवलं. वरून थापीने सारखं केलं. हात धुतले. त्या रात्री त्याला झोप चांगली लागली.

शुक्रवारी दुपारी जेवून तो वर पडला होता. भिंतीतून आवाज आला.

ठक.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. इंजिन मागे घेऊन पुढे आणल्यासारखा. निरंजन उठून बसला. म्हणजे आला वाटतं जळगावहून. आली वाटतं आता दादाची आठवण. पलीकडे जीवन गुडघ्यांवर बसून खटके तपासतोय, गाडी का अडून राहिली म्हणून भोकात डोळा लावतोय, हे सगळं त्याला भिंतीआरपार दिसलं, आणि त्याला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी इतकं बरं वाटलं.

ठक. ठक.

"काय वाजून राहिलं हो वर?" वैजयंतीने जिन्याखालून विचारलं.

भाऊजी आले असं कळलं असतं, तर ती वर आली असती. ओलं सिमेंट बघितलं असतं. मग वीट काढायला लावली असती.

"लूम असेल कुठला," निरंजन म्हणाला.

आता बऱ्हाणपुरात खडखड ऐकू आली की ती लूमची, म्हणजे यंत्रमागाची, असणार, हे सांगायचीसुद्धा गरज नसते. आजूबाजूचे मोहल्ले दिवसभर खडखडत असतात, पाहुण्यांना पहिली रात्र झोप येत नाही. पण वैजयंती जिन्यात थांबली.

"आज शुक्रवार आहे. शुक्रवारी लूम बंद असतात."

"मग पाण्याचा पाइप असेल. मला काय माहीत? झोपू दे."

 गॅसवर दूध होतं म्हणून ती गेली.

वरचा ठकठकाट वाकडातिकडा होत गेला. एकदा लागोपाठ, एकदा फार वेळाने. एकदा काहीतरी जड खाली पडल्यासारखं झालं. निरंजनला वाटलं, रागाने पाट आपटला. त्यानंतर ठकठक थांबली आणि नुसती घरघर सुरू झाली. इंजिन विटेला नाक लावून जागच्या जागी चाकं फिरवत होतं. घरघर थांबेना. हट्टाला पेटला, निरंजनने मनाशी म्हटलं, पेटू दे. इंजिन जाळशील. तो कुशीवर वळला, उशी कानावर घेतली. पाच वाजता चहा प्यायला खाली आला तेव्हाही ती चालू होती. नंतर कधीतरी बंद पडली.

शनिवारी सकाळी शोभाचा फोन आला. "ताई, हे फोन उचलून नाही राहिले. काल सकाळच्या गाडीने निघाले इथून. दुपारी पोचलो म्हणून फोन आला, मग काहीच नाही. जरा आवाज देता का?"

मागच्या गल्लीतल्या दाराला आतून कडी होती. वैजयंती गच्चीवर गेली, कढीपत्त्याच्या कठड्यावरून पाय टाकून पलीकडे उतरली, गच्चीचं दार ढकललं. निरंजन तिच्या मागे होता. कठड्याशी येऊन तो क्षणभर थांबला. मग त्यानेही पाय टाकला.

हॉलमध्ये जळक्या मोटरचा वास कोंडला होता. जीवन फळीला टेकून जमिनीवर बसल्यासारखा पडला होता, एक पाय पोटाशी, उजवा हात अंगाखाली, तोंड वाकडं. डावा हात वर होता, कंट्रोलरच्या बटणावर. गार्डांनी कंट्रोलर मुद्दाम खाली लावला होता, पोरांचे हात पोचावेत म्हणून. त्याचा लाल दिवा अजून चालू होता. रुळावर गाडी, इंजिनाचं नाक भिंतीत. फोन पलीकडे कोनाड्यात चार्जिंगला लावलेला.

वैजयंतीने हंबरडा फोडला. निरंजनने आधी काय केलं, तर वाकून लाल दिवा बंद केला.

"अर्धांगाचा झटका," डॉक्टर म्हणाले. "काल दुपारचा. वाचा गेली असणार. बराच वेळ जिवंत होते म्हणा. लवकर कळलं असतं तर..." हे वाक्य डॉक्टर कधी पुरं करत नाहीत.

जळगावहून शोभा आली. रडून रडून आवाज बसला होता तिचा. सगळे गेल्यावर ती निरंजनकडे वळली. "भाऊजी, तुम्ही तर भिंतीपलीकडेच होते. काहीच आवाज नाही आला?"

निरंजनने तोंड उघडलं.

"लूमचा आवाज असतो गं," वैजयंती म्हणाली. "त्यात काय ऐकू येतं."

शोभाने मान हलवली. ती त्याच गल्लीत नांदलेली बाई. पण त्या दिवशी तिला वार आठवत नव्हता. वैजयंतीने निरंजनकडे बघितलं नाही. त्यानंतरही नाही. जेवायला वाढायची, ताटाकडे बघून.

जीवनला मुलगा नाही म्हणून सगळं निरंजनने केलं. दहाव्याला राजघाट तोच, भटजी तेच, तापी आणखी थोडी कमी. मामा खुर्ची घेऊन बसले होते, आता त्यांना उभं राहवत नव्हतं. पिंड मांडला. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीने बसले. या वेळी शेजारी दुसरं कुटुंब नव्हतं, तुपाचा प्रश्न नव्हता.

"बोला," मामा म्हणाले.

शोभा म्हणाली, "तृप्तीला, बाळाला मी बघीन. तुम्ही जा." कोणी उडालं नाही.

मामांनी दुकान चालू ठेवायचं कबूल केलं, बारसं धूमधडाक्यात करायचं कबूल केलं. ऊन चढलं.

"निरंजन, तू बोल. तुझ्यात जीव होता त्याचा."

निरंजन पुढे झाला. हात जोडले. "जीवन, रेल्वे मी सांभाळीन," तो म्हणाला. आवाज मोठा होता, ऐकू जायला हरकत नव्हती. एका कावळ्याने चोच भिंतीवर घासली आणि पुन्हा स्वस्थ बसला.

"आणखी काही असेल. आठव," मामा म्हणाले. "काही राहिलं असेल तुमच्या दोघांत. सांगून टाक."

वैजयंती पदर तोंडाशी धरून उभी होती. दहा दिवसांत पहिल्यांदा तिने सरळ त्याच्याकडे बघितलं. निरंजन कावळ्यांकडे बघत राहिला. वीट, सिमेंट, शुक्रवार: तीनच शब्द होते. ते त्याच्या तोंडापर्यंत आले होते, असं निदान त्याला वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "काही राहिलं नाही."

आणखी थोडा वेळ वाट बघून भटजींनी पिशवीतून दर्भ काढला. दर्भाची गाठ मारून कावळा केला, आणि तो पिंडाला शिववला. शास्त्रात सोय आहे. मंडळी जेवायला उठली.

घरी आल्यावर निरंजन कपडे न बदलता वर गेला. छिन्नी आणि हातोडी घेतली, आणि भिंतीपाशी बसला. सिमेंट आता पक्कं झालं होतं. काम त्याने चांगलं केलं होतं.

ठक. ठक. ठक.

खाली वैजयंती भांडी आवरत होती. भांड्यांचा आवाज थांबला. जिन्याखाली पावलं आली. काय वाजून राहिलं, म्हणून तिने विचारलं नाही. पावलं परत गेली.

वीट सुटून हातात आली. भोकात इंजिन होतं, नाक पुढे, सिमेंटची पूड ल्यालेलं. त्याने ते बोटाने ओढलं, मागचे डबे खडखडत मागोमाग आले. इंजिन जिथे अडलं होतं तिथल्या रुळात चाकांनी घासून घासून चकचकीत खळगे पाडले होते.

उघड्या वाघिणीत मावा जिलबीचा तुकडा होता. मुलगी झाली की जिलबी. जळगावहून उतरल्या उतरल्या त्याने इथल्याच दुकानातून घेतली असणार, आणि आधी दादाला म्हणून वाघिणीत ठेवली असणार. मुंग्यांनी ती पोखरून पोकळ केली होती, नुसता आकार उरला होता. म्हणजे पहिली ठकठक जिलबीची. नंतरची कशाची, आणि पहिली नेमकी कुठे संपून दुसरी कुठे सुरू झाली, हे निरंजनने त्या दुपारी उशी कानावर घेऊन ऐकलं होतं. आता आठवून आठवून लावत बसला, तरी लागेना.

जिलबीखाली गोळा होता. त्याने तो काढला, मुंग्या झटकल्या, धोतराला पुसला. भोकातून पलीकडचा हॉल दिसत होता: बऱ्हाणपूरची पिवळी पाटी, लावायची राहून गेलेली चांदनीची पाटी, कोनाड्यात चार्जरची लोंबती वायर.

गोळा हातात होता. नियमाप्रमाणे आता त्याला पलीकडे जायला हरकत नव्हती.